चाकाच्या कपाळी दोन ठिपके

शप्पत! मोठ्यानं सांगते, पार वेशीपर्यंत ऐकू जाऊ दे: यातला शब्द न् शब्द खरा. खोटं निघालं तर माझे उरलेसुरले दात आत्ता इथं ओसरीवर गळोत.

चैत्र होता. पळसाच्या ज्वाळा माळावर विझत आलेल्या, आणि त्यांची आग उन्हानं उचलून आभाळात नेलेली. ताम्रवर्णी, तप्तकांचनी, भाजत्या मडक्याच्या रंगाची सकाळ. घाटाचा रस्ता डोंगरानं दातात धरलेल्या दोऱ्यासारखा पांढरा. आणि त्या दोऱ्याच्या गाठीशी, बाजाराच्या मैदानाला लागून, पत्र्याच्या छपराखाली शेवंताचं गॅरेज. खरं तर नवऱ्याचं, हैबतीचं. पण हैबती परगावी गेलेला, आणि पाना आज शेवंताच्या हातात.

दारात लिंबाजीची पिकअप. पाठीवर मधपेट्यांचे मनोरे. पेटीच्या तोंडाला जाळी, जाळीमागं काळोख, काळोखात गुंजारव. सोनपंखी, मधुगंधी, कोंडलेला गुंजारव.

लिंबाजी म्हातारा, माश्यांचा धनी. घरात दुसरं माणूस नाही. असल्या तर या माश्याच लेकीसुना. माळावरची सूर्यफुलं सरली म्हणून तो त्यांना घेऊन घाटमाथ्यावर निघालेला. तिथं जांभळी मोहरल्या होत्या. ऊन तापलं की कोंडलेल्या पेटीत माश्या उकडून मरणार; त्याआधी पोचायचं, एवढंच गणित. पण पायथ्याशीच इंजिन किंचाळलं. बाहेरच्या फॅन बेल्टच्या चिंध्या झाल्या, त्या चिंध्या आत शिरल्या, आणि शेवंता झाकण काढून बघते तर आतला टायमिंग बेल्ट, इंजिनाचा प्राणदोरा, दातादातांतून तडकलेला.

"पेट्या उघड की मग!" शेजारच्या चहाच्या टपरीवरून बबन ड्रायव्हर ओरडला.

"आन् बाजार भरलाय त्यो? लेकरं, बैलं... सोडू त्यांच्या अंगावर?" लिंबाजी म्हणाला.

"तर दुसऱ्या गाडीत टाक."

"तुझ्या टाकू?"

बबननं कपात तोंड घातलं. माश्यांच्या गाडीला कोण हो म्हणणार?

ऊन चढत होतं. लिंबाजी ओली पोती पेट्यांवर घालत होता, आणि ऊन ती पोती पिऊन टाकत होतं. आत हजारो पंख वारा घालत होते. वारा घालत होते मेणाला, मधाला, राणीला. सूर चढत होता.

"सूर चढतोय तवर जीव हाय, पोरी," लिंबाजी म्हणाला. "उतरला, की संपलं."

शेवंता वाकली. वरचं चाक व्हॉल्व्ह उघडतं, खालचं चाक पिस्टन उचलतं. दोघांची पावलं एका तालात पडायला हवीत, आणि ताल धरतो तो हा पट्टा. पट्टा चुकीच्या दातावर बसला, तर वर धावणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळणार, आणि इंजिनाच्या बरगड्या मोडणार. म्हणून जुना पट्टा काढण्याआधी चाकांवर खुणा करायच्या. हैबतीची रीत अशी की खूण रंगानं नाही, तेलात कालवलेल्या कुंकवानं. शेवंतानं तशीच केली. चाकाला ठिपका, समोर इंजिनाच्या अंगाला ठिपका; लालासमोर लाल. कारखान्याची खूण शोधायची सोय नव्हती. वरचं चाक भंगारातून आणून बसवलेलं, घासून घासून कोरं झालेलं.

पट्टा उतरवला. वरचं चाक झोपेत कूस बदलावी तसं जरा हललं. हलू दे, खूण आहे. ती आतला-बाहेरचा असे दोन्ही नवे पट्टे आणायला समोरच्या दुकानात धावली.

परत आली, आणि चाकावर वाकली.

वरच्या चाकावर दोन ठिपके. सारखेच गोल, सारखेच तेलकट, सारखेच लाल. मध्ये दोन दातांचं अंतर. आणि शेजारी कुंकवाची वाटी हातात घेऊन, कृतार्थ चेहऱ्यानं, सासू तान्हूबाई.

"आत्याबाई! हे काय केलंत?"

"काय केलं म्हंजे? नवं अंग लागणार, आन् चाक कोऱ्या कपाळानं बसवायचं? दसऱ्याला पान्याला लावतीस, मग यानं काय घोडं मारलं?"

"अहो, त्याला होतं आधीच! ती माझी खूण होती!"

"मग आणखी एक. देवीला कुंकू जास्त झालंय व्हय कधी?"

"कुठला तुमचा? नीट बघून सांगा."

तान्हूबाईनं डोळे बारीक केले, मान इकडं केली, मान तिकडं केली.

"लाल त्यो."

टपरीवर हशा फुटला. "बाई, हैबतीला येऊ द्या," बबन म्हणाला. "चाक म्हंजे भाकरीचा तवा न्हवं."

शेवंता हसली नाही, रडली नाही. हैबती येणार तिन्हीसांजेला. तोवर पेट्यांत मेण वितळणार, मेणात मध, मधात पंख. रक्तबिंदूसारखे दोन ठिपके तिच्याकडं टक लावून बघत होते. एक तारणारा, एक मारणारा. दोघांच्या चेहऱ्यावर तीच लाली.

आणि तेव्हा, ऐका, जाळीच्या एका सैल तारेतून एक माशी निसटली.

एकच. हळदकांतीची, उन्हाच्या कणाएवढी. ती लिंबाजीच्या पागोट्यावर थांबली नाही, बबनच्या साखरभरल्या कपावर थांबली नाही. सरळ छपराखाली आली, इंजिनावर घिरट्या घातल्या, आणि डावीकडच्या ठिपक्यावर बसली. पंख मिटले. कुंकवावर कुंकवाची राखण करत बसली.

शेवंतानं चाक फिरवलं. डावा ठिपका अंगावरच्या ठिपक्यासमोर आणला. पट्टा चढवला, ताण दिला. पण चावी? चावी नाही. आधी हातानं. खालच्या चाकाच्या बोल्टला पाना लावला आणि हळू, बाळंतिणीच्या पोटावर हात फिरवावा तशी हळू, ती इंजिन फिरवू लागली.

थोडं फिरलं. जड झालं. तिनं दम धरला. जडपणा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा, की व्हॉल्व्हला टेकणाऱ्या पिस्टनचा? मऊ की कठीण? बोटं ऐकत होती. मऊ. पुढं. पुन्हा जड, पुन्हा मऊ. घाम भुवईवरून पान्यावर, पान्यावरून मातीत.

मागं पेट्यांतला सूर थरथरला.

"पोरी," लिंबाजी म्हणाला, "उतराया लागलाय गं."

पुढं. एक फेरा. पुढं. दुसरा फेरा. कुठं अडलं नाही, कुठं टोचलं नाही. लाल पुन्हा लालासमोर येऊन उभं राहिलं. तिनं बाहेरचा नवा बेल्ट चढवला, झाकण लावलं.

"काका, चावी मारा."

लिंबाजी गाडीत चढला. टपरीवरचे कप अधांतरी थांबले. तान्हूबाईनं वाटी छातीशी धरली. मागं फक्त माश्यांचा उतरता, विझता, वातीच्या टोकासारखा सूर.

चावी फिरली.

इंजिन खोकलं. गप्प. पुन्हा खोकलं. आणि मग धरलं! घुमू लागलं, संथ, गोल, मेघमंद्र. त्या घुमण्यातून बुडत्याला हात मिळावा तसा पेट्यांतला गुंजारव वर आला, आणि लोखंडाचा सूर न् पंखांचा सूर एकाच पट्टीत मिळाले. लिंबाजीनं शेवंताकडं बघून नुसते हात जोडले. पिकअप घाटाला लागली. वळणामागं वळण, वाऱ्यामागं वारा. वर जांभळीच्या पांढऱ्या मोहरानं दार उघडून ठेवलेलं.

बबननं स्वतःच्या पैशानं चहा पाठवला. तान्हूबाई म्हणाली, "बघितलंस? माझं कुंकू लागलं म्हणून."

बरं. आता तुम्ही माझ्या दातांकडं बघताय, म्हणून सांगून टाकते. ती माशी नव्हती आली. शेवंतानं आधी उजवा ठिपका धरला होता. पाना फिरवता फिरवता, अर्ध्यातच, काहीतरी कठीण तिच्या बोटांना टेकलं. टेकलं, आदळलं नाही. तिनं श्वास रोखून पाना मागं घेतला, पट्टा उतरवला, डावा धरला. एवढंच. पण बाईच्या बोटांना कळलं म्हटलं की टपरी हसते, आणि माशीला कळलं म्हटलं की मान डोलावते. म्हणून बसवली मी. हळदीची, उन्हाची, एवढीशी. बाकी सगळं खरं. ती बोटं खरी, तो घाम खरा, ते कुंकू खरं. माशी तेवढी माझी.