अडलेलं पान

थप्पड बसली तेव्हा बिराप्पाचं लक्ष पडद्यावर होतं. पांढऱ्या पानाच्या मधोमध निळं गोल फिरत होतं. आता थांबेल, आता पान पुढं सरकेल, अशा आशेनं तो खुर्चीतून पुढं वाकलेला. तेवढ्यात अर्जुनाचा पंजा कानशिलावर आला. चष्मा उडून प्रिंटरच्या मागं गेला. ओठ दातावर आपटून फुटला. कानात बारीक शिट्टी सुरू झाली.

"सकाळधरनं बघतोय तुला! नाव घालतोस, गाव घालतोस, का लगीच गोल फिरतंय. कुणाचं ऐकून बसलायस रं?"

"न्हाई गड्या... यंत्रच बिघडलंय..."

"आजच बरं बिघडलं?" अर्जुनानं त्याला गळपट्टीला धरून उभं केलं. शर्टाचं बटण तुटून फरशीवर टपटपत गेलं. "भिताडात चिणीन तुला हितंच!"

"सोड त्याला," हरणाबाई म्हणाली.

ती मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर पाण्याची बाटली, त्यावर दोन्ही हात. अर्जुना तिचा धाकटा दीर. गावात कुणाच्या बापाला न ऐकणारा हा गडी वहिनीचा शब्द मात्र खाली पडू देत नसे. त्यानं बिराप्पाला खुर्चीत ढकलून दिलं, आणि कपाळाचा घाम पुसत बाटलीकडं हात केला.

"जरा तोंडावर मारतो पाणी."

"ऱ्हाऊ दे. परतीला लागंल," हरणाबाई म्हणाली. तिनं स्वतः सकाळपासून नुसते ओठ ओले केले होते.

जत गावात, तहसील कचेरीच्या अलीकडच्या बोळात, बिराप्पाचं संगणक केंद्र होतं. केंद्र म्हणायचं एवढंच. एक टेबल, एक संगणक, एक प्रिंटर आणि भिंतीला टेकून एक बाक. बाप मेंढरांमागं उभं आयुष्य फिरला. पोराचा पाय अधू, चालीला कळप आवरेना, म्हणून त्याला शाळेत घातलं. पोरगा बुजरा निघाला. कुणी मोठ्यानं बोललं की आपलंच काही चुकलं असेल असं त्याला वाटायचं, आणि ते पन्नाशी आली तरी गेलं नव्हतं. संगणक अडला तर तो त्याचीही माफी मागितल्यासारखा हळू आवाजात काही पुटपुटायचा.

गेले काही दिवस ब्राउझर अडत होता. पान अर्धं उघडायचं, गोल फिरायला लागायचं आणि फिरतच राहायचं. बिराप्पानं संगणक बंद करून चालू केला, जुना साठा पुसला, इंटरनेटची वायर काढून पुन्हा खोचली. फरक नाही. बोळातल्या लोकांना चेष्टेला विषय झाला. "काय बिराप्पा, गिरण चालूच हाय का? ज्वारी आणू का दळायला?" असं म्हणत लोक पुढच्या केंद्रावर जायचे.

आज मात्र पुढचं केंद्र बंद होतं. त्याच्या पुढचंही. जतमधली झाडून सगळी शटरं आज खाली होती, आणि एकटं बिराप्पाचं उघडं होतं. हे कसं झालं, ते त्या खोलीत एकट्या बिराप्पाला ठाऊक होतं.

सकाळी कुलूप काढतानाच वीरधवल आला होता. हरणाबाईच्या गावचा पुढारी उदयसिंह, त्याचा पुतण्या; मनगटात कडं, तोंडात मावा. त्यांच्या गावाची सरपंचकी यंदा बाईमाणसाला सुटली होती. उदयसिंहानं आपल्या सुनेचा, संयोगिताचा, अर्ज भरून ठेवला होता, आणि गाव बिनविरोध होणार म्हणून गुलालाची पोतीही आणून ठेवली होती. मध्येच ही हरणाबाई उठली. अर्ज संगणकावरच भरायचा आणि त्याची छापील प्रत तीनच्या आत तहसीलात द्यायची. आज शेवटचा दिवस.

"बाकीच्यांना शटर खाली घ्यायला लावलंय," वीरधवल म्हणाला होता. "तुझं उघडं ठेव. हरणी फिरून फिरून तुझ्याकडंच येणार. तुझी गिरण तशीबी अडतीयाच न्हवं? मग आज अडू दे. तीन वाजेपातुर तिला हितंच बसवून ठेवायची. तुला काय करायचंच न्हाई, बिराप्पा. काय करायचं न्हाई, हेच तुझं काम."

"दादा, पर..."

वीरधवलनं त्याचा डावा हात मनगटाला धरून ड्रॉवरमध्ये ठेवला. लहान पोराचा हात पाटीवर ठेवावा इतक्या हलक्या हातानं. आणि मग गुडघ्यानं ड्रॉवर बंद केला. मग पुन्हा उघडला आणि पुन्हा बंद केला.

तो हात आता रुमालात गुंडाळून बिराप्पानं टेबलाखाली लपवला होता. दोन बोटांची नखं काळीनिळी झाली होती. पण त्या ठणक्यापेक्षा एक गोष्ट त्याला आतून कुरतडत होती. सकाळी पहिल्यांदा गोल फिरायला लागलं तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. सुटलो, असं वाटलं होतं. आपल्याला पाप करायला नको, यंत्रच करतंय. त्यानंतर त्यानं जे जे केलं, बंद-चालू, पुसापुशी, वायर, ते सगळं आधी करून झालेलं आणि उपयोग नसलेलंच होतं. खटपट दिसत होती. होत काही नव्हतं.

हरणाबाई उठली. प्रिंटरच्या मागून चष्मा काढून तिनं पदरानं पुसला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"बिरा, हाताला काय झालं?"

"ड्रॉवरात सापडला, आक्का."

"ड्रॉवर कुणी लावला?"

बिराप्पानं मान खाली घातली. अर्जुना भिंतीशी होता तो ताठ झाला.

"मला वाटलंच," हरणाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुला भ्या वाटत आसंल तर तसं सांग. मी तुला बोल लावणार न्हाई. गेल्या बारीला मालकांनी अर्ज भरला, तवा काय झालं त्वा बघितलंयस."

बिराप्पानं बघितलं होतं. अर्ज भरल्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचा कळप डोणीवर पाणी प्यायला आणि तिथंच एकावर एक पडला. तोंडाला फेस. गाभण मेंढ्या पाय झाडत होत्या. नवऱ्यानं त्याच दुपारी अर्ज माघारी घेतला, आणि वर्षाच्या आत तोही गेला. गावाला येणारा टँकर आजही आधी उदयसिंहाच्या डाळिंबाच्या तळ्यात रिता व्हायचा. उरलंसुरलं गावाला.

"फकस्त येक सांग," ती म्हणाली. "यंत्र खरंच बिघडलंय, का त्वा आडवलंय?"

"खरंच बिघडलंय, आक्का. आईची आण."

"मग झालं तर. दुरुस्त कर. त्वा खोटं करणारा न्हाईस." आणि ती परत खुर्चीत जाऊन बसली. बाटली मांडीवर, हात बाटलीवर.

त्यापेक्षा आणखी दोन थपडा खाल्ल्या असत्या तर बरं, असं बिराप्पाला वाटलं. त्यानं चष्मा चढवला. एक काडी वाकली होती, त्यामुळं पडदा तिरका दिसत होता. खाली, कोपऱ्यात घड्याळ होतं. दोन कधीच वाजून गेले होते.

बाप म्हणायचा, कळप वाटेत अडला तर पुढच्या मेंढराला काठी मारू नकोस. ते बिचारं मागच्याच्या भ्यानं थांबलेलं असतं. समदी वाघरीत घाल, जाळीत कोंड, आणि येकेक भाईर काढ. ज्याच्यापाशी कळप बुजतो, ते घावतंयच.

आणि तो इतके दिवस पुढच्या मेंढरालाच काठी मारत होता.

ब्राउझरला त्यानं वर्षानुवर्षं काय काय जोडून ठेवलं होतं. मराठी टायपिंगचं, फोटो लहान करायचं, कागद एकात एक जोडायचं, जाहिराती अडवायचं. कुणी सांगितलं, फुकट मिळालं, घातलं. एक्स्टेंशन म्हणतात त्यांना. बिराप्पानं ती यादी उघडली आणि सगळ्यांची बटणं बंद केली. सगळी वाघरीत.

मग अर्जाचं पान उघडलं. ते उघडलं आणि उघडंच राहिलं.

"चाललं?" अर्जुना पुढं सरकला.

"थांब गड्या. अजून न्हाई." त्याच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा दरारा आला, आणि अर्जुना खरोखर थांबला.

मराठी टायपिंगचं बटण चालू केलं. पान चाललं. हरणाबाईचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, प्रभाग, सगळं एका हाताच्या बोटांनी भरत गेला. खाली फोटो लावायचा होता, आणि तो लहान केल्याशिवाय पान घेत नव्हतं. फोटो लहान करायचं बटण त्यानं चालू केलं.

गोल फिरायला लागलं.

"आयला!" अर्जुनानं बाकाला लाथ घातली.

"सापडलं," बिराप्पा म्हणाला. तो हसत होता. फुटक्या ओठानं हसताना रक्त दाताला लागलं होतं, ते त्याला कळलं नाही. "सापडलं, आक्का. ह्येच त्ये. पंधरवड्यामागं मीच घातलेलं."

ते त्यानं मुळापासून उपटून टाकलं. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, आणि आधीचं भरलेलं सगळं गेलेलं पाहून पुन्हा पहिल्यापासून भरलं. फोटो जुन्या पद्धतीनं, चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये लहान केला. शेवटच्या बटणावर बाण नेला आणि क्षणभर थांबला. टेबलाखाली डावा हात ठणकत होता. दारात उन्हाची तिरीप आली होती. बाहेर बोळाच्या तोंडाला एक मोटारसायकल उभी होती, आणि तिच्यावरचा माणूस फोनवर बोलत बोलत इकडंच बघत होता.

बिराप्पानं बटण दाबलं. प्रिंटर खरखरला.

हरणाबाईनं सही केली. सही करायला ती प्रौढपणी शिकली होती, त्यामुळं जीभ दाताखाली धरून, एकेक अक्षर उभं करून. अर्जुनानं कागद बंडीच्या आत, छातीशी घातला. जाता जाता तो बिराप्पापाशी थांबला. त्यानं फरशीवरचं शर्टाचं बटण उचललं आणि टेबलावर ठेवलं.

"शटर खाली घे अन् मागच्या दारानं जा," तो म्हणाला. "कचेरीत पोलीस हायेत, आमचं काय न्हाई. तू जा."

"जातो," बिराप्पा म्हणाला.

पण तो गेला नाही. का गेला नाही, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. अधू पायानं कितीसा पळणार, हे एक. आणि दुसरं असं, की पान चालत होतं. बऱ्याच दिवसांनी त्याचं काहीतरी नीट चालत होतं. तो एकेक पान उघडून बघत बसला. हवामान, सातबारा, रेल्वे. कुठंही गोल फिरलं नाही.

वीरधवल आला तो दोन माणसं घेऊन. एकानं शटर आतून अर्धं खाली ओढलं. दुसऱ्याच्या हातात पाण्याचा लोखंडी पाइप होता.

"काय बिराप्पा, गिरण बंद पडली व्हय?"

"दुरुस्त झाली, दादा."

पाइपचा पहिला तडाखा पडद्यावर बसला. काच आतल्या आत फुटली आणि पडदा काळा पडला. दुसरा प्रिंटरवर. मग बिराप्पाला केसाला धरून टेबलामागनं ओढलं. बरगडीत बूट बसला तेव्हा त्याचा आवाजच निघाला नाही, नुसती हवा निघाली. तोंड फरशीला लागलं. पाठीवर, मांडीवर, अधू पायावर मार पडत राहिला, आणि कुणी फारसं बोलत नव्हतं. खळ्यात कणसं बडवताना बोलत नाहीत तसं.

मग वीरधवल उकिडवा बसला. त्याला घाम आला होता.

"तुला काय करू नको म्हणून सांगितलं हुतं. येवढं सोपं काम हुतं. कंच्या हातानं दाबलंस बटण?"

बिराप्पाला कुणी काही विचारलं की तो बरोबर तेच उत्तर द्यायचा. जन्माची सवय. त्यानं उजवा हात थोडा वर केला.

तो हात त्यांनी टेबलाच्या कडेवर ठेवला. पाइप खाली आला. मग परत एकदा आला.

हरणाबाई आणि अर्जुना परत आले तेव्हा शटर तसंच अर्धं खाली होतं. अर्जुना वाकून आत शिरला आणि आत शिरताच भिंतीला हात टेकून उभा राहिला. पडदा फुटला होता, पण टेबलाखालचा संगणकाचा डबा अजून घुरघुरत होता. बिराप्पा बाकाला पाठ लावून बसला होता. उजवा हात मांडीवर होता आणि तो हातासारखा दिसत नव्हता.

"घेतला का?" त्यानं विचारलं. ओठ सुजल्यानं शब्द जड निघाले.

"घेतला," हरणाबाई म्हणाली. "तीनच्या आत. शिक्का मारला."

"गाडी बघतो," असं काहीतरी पुटपुटत अर्जुना रस्त्याकडं पळाला. त्याला रडू आवरत नव्हतं.

हरणाबाई फरशीवर बसली. काचा तिनं तळव्यानं बाजूला सारल्या. बिराप्पाचा हात तिनं मेंढीचं नुकतं झालेलं कोकरू उचलावं तसा खालून उचलला आणि बाटलीचं झाकण दातानं काढलं. पाणी धार धरून रक्तावर पडायला लागलं. मनगटावरून, कोपरावरून ओघळून ते फरशीवर आलं आणि काचांमधनं वाट काढत उंबऱ्याकडं निघालं.

"पुरं आक्का," बिराप्पा म्हणाला. "पाणी हाय ते. परतीला लागंल."

तिनं बाटली आणखी वाकडी केली.