पान बेचाळीस

"काका, यंत्राच्या पुस्तकात लिहिलंय अगदी तसंच केलं. दोनदा केलं," मास्कआडून इंजिनीअर पोरगी म्हणाली.

मिस्त्रीकाकांनी पडद्याकडे पाहिलं. सिलिकॉनच्या चकतीवरच्या रेषा भिजल्या पत्रातल्या अक्षरांसारख्या फिसकटल्या होत्या. चिपांची नक्षी छापणारं हे यंत्र तीस वर्षांचं. बनवणारी कंपनी दोनदा विकली गेली, मग बंदच पडली. तिच्या कारागिरांपैकी उरले एकटे काका, आणि उद्यापासून तेही घरी बसणार.

दर साफसफाईनंतर यंत्र असंच रुसायचं. मग काकांना बोलावणं जायचं. ते सगळ्यांकडे पाठ करून आत हात घालायचे, की यंत्र सुरात! लोक म्हणायचे, हाताला गुण आहे. खरं काय ते फक्त बायकोला ठाऊक. सकाळी डबा देताना ती म्हणालीच होती, "यंत्राचं पोट साफ करता, स्वतःचं कधी करणार?"

पोरगी अदबीनं बाजूला सरली. आता एकदा हात घातला की झालं, निरोपही थाटात झाला असता. पण पुढच्या खेपेला? पुन्हा अडलं की भंगारात, असं साहेबांनी बजावलं होतं. आणि बोल लागणार होता तो या पोरीला.

काकांनी हात पाठीमागे बांधले. "पान बेचाळीस काढ."

"भिंगाखालची दांडी दोन खाचा डावीकडे," तिनं वाचलं.

"उजवीकडे. ते पान मीच लिहिलंय. यंत्राच्या मागं उभं राहून लिहिलं, त्यामुळे माझं डावं ते तुझं उजवं. वर्षभरात चूक कळली. पण तोवर सगळे मलाच बोलवायला लागले होते. मग राहिलं पोटात."

तिनं पानावरून मान वर केली. "म्हणजे हाताचा गुण वगैरे..."

"डावं-उजवं न कळणारा माणूस आहे मी, बाई."

मास्कवरचे डोळे हसले. तिनं दांडी सरकवली. एक खाच, दुसरी. पडद्यावरच्या रेषा लख्ख उभ्या राहिल्या.

काकांनी पेन्सिल मागितली, आणि स्वतःच जीभ चावली. या खोलीत पेन्सिलीला बंदी. तिची भुकटी उडते. इथं जे लिहायचं ते पेननं, न पुसता येणारं. त्यांनी 'डावीकडे' खोडलं, 'उजवीकडे' लिहिलं. खाली नियमाप्रमाणे पूर्ण नाव आणि तारीख घातली. त्या पुस्तकात त्यांचं नाव आजवर कुठंच नव्हतं.

काचेपलीकडून साहेबांनी काकांकडे पाहून दाद दिल्यासारखी मान डोलावली. काकांनी हनुवटीनं पोरीकडे दाखवलं. हात पुन्हा पाठीमागे गेले होते.