लोट्याच्या पोटातला नंबर

मी एक जुना पितळी लोटा आहे. हसू नका मित्रांनो! तुमच्या प्लास्टिकच्या बाटल्यांनी एक उन्हाळा काढावा नि मग बोलावं. मी शिपायाचा लोटा आहे. डोणगावच्या उकंडाजींनी पलटणीत भरती झाल्यावर मला घेतलं आणि भांड्यावर नाव घालतात ना, तसा ठिपक्याठिपक्यांनी आपला फौजी नंबर माझ्या गळ्याखाली ठोकून घेतला. दुखलं, पण ऐटही वाटली.

नोकरी संपवून ते घरी आले, तरी नाव राखीव दलात राहिलं. म्हणजे लढाई लागली की पुन्हा हजर व्हायचं. दुसऱ्या महायुद्धात बोलावणं आलं, तेव्हा त्यांची बायको रुखमाबाई पोटुशी होती. "लेकराले ह्याच्यातूनच पाणी पाजजो," म्हणून मला तिच्या हाती देऊन ते गेले, ते गेलेच. ना पत्र, ना तार. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? "उकंडा हजर झालाच नाही, पळाला," असं लोक बोलू लागले.

रुखमाबाई कपाळभर कुंकू लावायची आणि मला चिंच-राखेनं असं घासायची की शेजारणींचे डोळे दिपावेत. तिच्यामागे तिची लेक सत्यभामा, मग सत्यभामेची सून कोकिळा. लाड कुणाला नको असतात? पण प्रत्येक घासणीत माझा नंबर झिजत होता, आणि ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

यंदा गावानं शिपायांच्या नावांची शिळा बसवायचं ठरवलं. सत्यभामाबाईंनी ऐंशी कधीच ओलांडली, त्या हट्टाला पेटल्या, "माह्या बापाचं नाव लागलंच पाह्यजे!"

शिळेचं काम पाहणारे पंजाबराव चाचरत म्हणाले, "आत्याबाई, कागद आणा. नाहीतर लोकं मले खातीन. महिनाअखेर शिळा कोरून होते, मंग माह्या हातात काही नाही."

बुलढाण्याला शिकणारी कोकिळेची लेक प्रतीक्षा हिनं लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिलं. उत्तर आलं, की या नावाचे राखीव शिपाई बरेच आहेत, नंबर कळवा. तिनं लगेच आईला फोन केला, "लोट्यावरच्या नंबराचा फोटो पाठव."

आता ऐका घात कसा होतो ते. फोटो झकास यावा म्हणून कोकिळेनं पावडर घेतली, काथ्या घेतला आणि मला खसाखसा घासायला बसली. अहो, मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो! पण लोट्याला तोंड असतं, आवाज नसतो. शेवटचे दोन आकडे साफ गेले.

प्रतीक्षा मिळेल त्या बसनं आली. मला पाहून तिला रडूच फुटलं. "आई, काय केलं वं हे!"

कोकिळा पुटपुटली, "मले वाटलं, सायबाले मळका लोटा काऊन दाखवाचा?"

सत्यभामाबाईंनी मला मांडीवर घेतलं आणि सुरकुतलेलं बोट माझ्या गळ्यात घातलं. "लहानपणी माय मले लोटा आतून धुवाले लावे. आत खरखर लागे. मी म्हणो, माय, ह्याच्यात मुंग्या चिकटल्या..." बोट थबकलं. "हायेत वं पोरी! अजून हायेत!"

बाहेरून मारलेला ठिपका आत फुगवटा होऊन बसतो, मित्रांनो. तिथवर कुणाचा काथ्या पोचला नव्हता. प्रतीक्षानं मोबाइलचा उजेड पाडला, छोटा आरसा आत धरला, आणि उलटे आकडे सुलटे झाले.

नंबर त्याच दिवशी रेकॉर्ड ऑफिसला कळवला. महिना संपत आला, रोज पोस्टमनची वाट पाहून घर थकलं, तेव्हा उत्तर आलं. उकंडाजी नेमल्या दिवशी हजर झाले होते. त्याच वर्षी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पडले. तार दुसऱ्याच कुठल्या डोणगावला जाऊन परत गेली होती.

"हजर व्हता माहा बाप!" सत्यभामाबाईंनी अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं. मग मला उराशी धरलं. "माय तं जलमभर त्याच्या नावानं कुंकू लावत राह्यली. बरं झालं, तिले नाही समजलं."

शिळेवर नाव लागलं. म्हणून सांगतो, मित्रांनो, जुनी वस्तू जरूर जपा, पण चमकवण्याआधी तिच्यावर कुणाचं काही उरलंय का, ते बोटानं चाचपून पाहा.

मी आता काळवंडलोय. मला घासायची कुणाची छाती नाही. सत्यभामाबाई रोज माझ्यात बोट घालून बापाला भेटतात, आणि मगच पाणी पितात.