तिसरी हाक

रिना नावाची मुलगी नागपूरहून उमरटोल्यात आली, ती रंगांचे डबे आणि पुठ्ठ्याचे मुखवटे घेऊन. वाघ पाठीमागून येतो, म्हणून मोहफुलं वेचताना मुखवटा डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा. "पण चेहरा तुम्हीच रंगवायचा," ती म्हणाली. "आपल्या पाठीवर ज्यानं लक्ष ठेवावं असं वाटतं, त्याचा." याला ती कला म्हणत होती. जंगल बदललं, वाघ वाढले, आता माणसानं कसं बदलायचं ते गावानंच शोधायचं म्हणे. गावानं आधी पोटभर हसून घेतलं, मग रंगात बोटं बुडवली. लटारूनं बायकोचंच तोंड काढलं. "हिच्या नजरेतून मी सुटलो नाई, वाघ काय सुटते!"

मनकर्णानं नवऱ्याचा चेहरा काढला.

देवरावला जाऊन वर्ष झालं होतं. मागच्या चैतात मोहाखालूनच वाघानं त्याला नेलं. कुणाला काही कळलंच नाही असं पंचनाम्यात लिहिलं गेलं आणि मनकर्णानं त्यावर अंगठा उठवला. खोटा अंगठा होता तो. तिला कळलं होतं.

उमरटोल्याची रीत अशी, की जंगलात कुणी हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी हाक माणसाची. देवराव बुद्धवंदना न चुकवणारा माणूस, तो या रितीला हसायचा. "भूतबीत काई नसते, मनकर्णा. पहिल्याच हाकेले ओ देत जाय." ती मान डोलवायची आणि रीत पाळायची. त्या सकाळी "मनकर्णा!" अशी हाक आली. पुन्हा एकदा आली. ती टोपलीवर हात ठेवून तिसरीची वाट पाहत बसली.

तेव्हापासून त्या दोन हाका तिच्या मागे लागल्या. विहिरीवर, चुलीपाशी, भर दुपारच्या बाजारात. दर वेळी ती श्वास धरून थांबायची आणि तिसरी यायची नाही.

आता सून उर्वशी पाचव्या महिन्यात होती आणि तरी मोहाला निघाली होती. तिच्या डोक्यातही रीत तीच. रीत मोडायला सांगावं, तर आपण काय ऐकलं तेही सांगावं लागणार. मग ही पोर आपल्या हातचं पाणी तरी पिईल का, या धाकानं मनकर्णाचं तोंड उघडत नव्हतं. तिनं देवरावचा मुखवटा उर्वशीच्या डोक्यामागे बांधला आणि स्वतः कोरा घेतला.

फुलं वेचून झाल्यावर रिनानं सगळ्यांना झाडाखाली गोल बसवलं. तोंडं जंगलाकडे, मुखवटे आत. "कुणी कुणाकडे बघायचं नाही. यापुढे काय बदलायचं, एवढंच सांगायचं."

कुणी म्हणालं, घोळक्यानं जाऊ. कुणी म्हणालं, वाकायच्या आधी चौफेर पाहू. मनकर्णाची पाळी आली. गोलाच्या पलीकडे, बरोबर तिच्या पाठीमागे उर्वशी बसली होती, म्हणजे देवराव आपल्या पाठीकडे पाहतोय, हे तिला न वळता कळत होतं.

"पहिल्याच हाकेले ओ द्या," ती म्हणाली. "यायनं मले दोनदा हाक मारली होती. मीनं आयकली. तिसरीची वाट पाहत बसली."

लटारूचा आवाज आला. "मीनं बी आयकली होती, वहिनी. तुमी ओ नाई देऊन राह्यल्या, म्हंजे भूतच असन असं वाटलं."

"अन् मले वाटलं, कोणीच धावत नाई, म्हंजे भूतच असन," मनकर्णा म्हणाली.

"हाव, दोन हाका," केसरबाई पुटपुटली. तिच्या शेजारची सोमारी तेच म्हणाली, तिच्या पलीकडचा बापूजीही. एकेक करत गोल पुरा होत आला.

शेवटी उर्वशी राहिली. "आई, मी तं बाबाच्या बाजूच्याच झाडाखाली होती. आवाज त्यायचाच होता, मले पक्कं ठाऊक होतं. पण तिसरी नाई आली."

मनकर्णानं वळून पाहिलं. उर्वशी हुंदके देत होती आणि तिच्या डोक्यामागे देवरावचा चेहरा गदगदा हलत होता.

त्या सकाळी मोहाखाली चौदा माणसं होती. चौदा जणांनी एकदम आरडाओरडा केला असता, तर वाघानं देवरावला टाकून दिलं असतं.