एका पैशाची चोरी

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. बारा आकडी, करड्या रंगाचा, बेरजेचं बटण झिजून गुळगुळीत झालेलं. मित्रांनो, भाईंदरला जेसल पार्कमधल्या एका पतपेढीत मी एकोणीस वर्षं अनसूयाताईंच्या टेबलावर होतो. दर महिन्याला बाराशे खात्यांचं व्याज त्या माझ्यावर काढायच्या आणि पासबुकात हाताने लिहायच्या. बाईंचा आकडा म्हणजे पक्का, असं सभासद म्हणायचे. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग कॉम्प्युटर आला. तो सगळे आकडे दोनाच्या हिशेबात मांडतो. चार रुपये पस्तीस पैसे त्याच्या पोटात नेमके मावत नाहीत, केसभर कमी पडतात. प्रोग्राम लिहिणाऱ्या रोहितने रकमेला शंभराने गुणून पैसे केले आणि दशांशचिन्हापुढचं छाटून टाकलं. चारशे पस्तीसचे चारशे चौतीस उरले. असा शंभरेक खात्यांत एकेक पैसा गळायचा. मी दहाच्या हिशेबाने चालतो. माझ्याकडे चारशे पस्तीसच यायचे.

पासबुकं अजून ताईच माझ्यावर हिशेब करून लिहायच्या, त्यामुळे महिनाअखेरीला पासबुकं आणि कॉम्प्युटर यांत रुपया-सव्वा रुपयाचा फरक पडू लागला. पतपेढीचा रिवाज असा, की फरक ज्याचा त्याने भरायचा आणि वहीत स्वतःच्या हाताने ‘माझी चूक’ लिहून सही करायची. ताईंनी अकरा महिने ते लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता त्या तीच बेरीज माझ्यावर पुन्हा पुन्हा करायच्या.

“काय ताई, पैसा पैसा जोडून डोंगरीला बंगला बांधताय काय?” शेजारच्या टेबलावरचा जितेंद्र म्हणायचा. सगळे हसायचे. ताईही हसायच्या.

मार्चमध्ये मॅनेजर पंढरीनाथांनी ताईंचं स्वतःचं पासबुक मागवलं. त्यातही कॉम्प्युटरपेक्षा एक पैसा जास्त निघाला.

“पैसा खायला मशीनचं इथे खातं नाही, बाई. तुमचं आहे,” ते म्हणाले.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्याच दुपारी चोरीचा ठपका ठेवून ताईंना काढून टाकलं, ग्रॅच्युइटीही अडवली. त्या मला पिशवीत ठेवत होत्या, तर मी ऑफिसची मालमत्ता म्हणून शिपायाने मला काढून घेतलं.

जूनमध्ये प्रोग्राम सांभाळायला सलोनी आली. तिने एक खातं माझ्यावर पडताळलं, मग दुसरं, आणि थांबली; दोन्हींत कॉम्प्युटरचा एक पैसा कमी होता. तिने सगळ्या रकमा पूर्ण पैशांत साठवल्या, रुपये फक्त छापताना केले. चहाच्या आधी काम संपलं. मॅनेजरांनी तिचं कौतुक केलं आणि बाहेर बोलू नकोस म्हणून बजावलं, कारण बाई भरपाई मागतील.

ऑगस्टमध्ये ताई अनुभवाचा दाखला मागायला आल्या. तो मिळाला नाही. जाताना त्यांना मी सलोनीच्या टेबलावर दिसलो.

“चुकतो का गं हा आता?”

“नाही काकू,” सलोनी खाली बघत म्हणाली.

“मग मीच चुकत असेन,” ताई म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

मित्रांनो, उद्या तुम्हीही प्रोग्राम लिहाल. पैसे मोजताना पूर्ण पैशांत मोजा. आणि चूक सापडली, तर ती ज्याच्या माथी मारली गेली त्याला त्याच दिवशी सांगा. मला तोंड नव्हतं. सलोनीला होतं.