काठावरचा खडा

यामिनीच्या दुधात गोळी मिसळायला विनताने सुरुवात केली, ती एका शब्दापायी.

पोरगी वर्षभर खोलीत मिटून बसली होती. कॉलेज सुटलं, मैत्रिणी सुटल्या, खिडकीचा पडदासुद्धा उघडेना. मग डॉक्टरांनी सकाळची एक गोळी लिहून दिली आणि जबलपुरातल्याच सदर भागातल्या एका बागेचा पत्ता दिला. तिथे अशीच मनाने थकलेली मुलं मातीत हात घालायची, वाफे करायची, भाजी लावायची. समुपदेशन शिकलेली राखी ती बाग चालवायची. "गोळी तिची तिला घेऊ द्या," डॉक्टर म्हणाले होते, "मागे लागू नका."

विनता मागे लागली नाही. पण कान मात्र पोरीच्या मागे मागे फिरत राहिले.

अन् एका सकाळी यामिनी ओसरीत फोनवर बोलताना कानावर आलं, "दवाई? ती तर राखीदीदीनं पहिल्याच दिवशी बंद करवली. अब बिना दवाई के ही चल रहा है." आणि पोरगी हसली. किती दिवसांनी हसली, पण विनताला त्या हसण्याचा आनंद झाला नाही. पाठीवरून पाल सरकली जणू.

तिने गोळ्यांचं पाकीट पाहिलं. रोजची गोळी रोज कमी होत होती. पण पाकिटातून जाणं म्हणजे पोटात जाणं थोडंच? मोरी आहे, खिडकी आहे, बागेतली भुसभुशीत माती आहे.

"विचारून टाक ना सरळ," यामिनीचे वडील श्यामसुंदर पेपर खाली न करता म्हणाले.

"विचारलं तर खरं सांगते का? दीदी म्हणेल तेच सांगेल."

"मग माझी परवानगी काहून मागून राहिली? तू ठरवलंच असशील काही."

ठरवलंच होतं. जुनी चिठ्ठी दाखवून तिने दुसरं पाकीट आणलं. रोज सकाळी गोळी कुटायची, हळदीच्या दुधात ढवळायची, वरून साखर जास्त. लेकरासाठी जागलेली आई, लेकरासाठी जपलेली आई, आता लेकराशीच लपूनछपून वागू लागली.

आठवडा गेला नसेल, पोरगी सुस्तावली. जेवताना डोळे मिटायचे, वेणी घालताना हात थरथरायचा. विनताचा संशय पक्का झाला: तिथे हिला काहीतरी देऊन राहिले. तिने पोरीची बागेत न्यायची झोळी उलटी केली. आत तंबाखूची पुडी, धोतऱ्याची पानं आणि नर्मदेतले गोल गोल खडे. तंबाखू, धोतरा, खडे. महादेवाला वाहतात तो धोतरा माणसाला वेडं करतो, हे जबलपुरात कोणाला ठाऊक नाही?

यामिनी बागेला गेली, अन् तासाभराने विनतानेही ऑटो केली.

बागेच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत पाटी होती: 'इस बाग़ में दवाई नहीं चलती.' घ्या. आता लपवणंही नाही. विनता तरातरा आत शिरली. वांगी, मिरच्या, वालाचे वेल, आणि वेलाच्या सावलीत खताच्या पोत्याला टेकून यामिनी झोपलेली. अंगावर कोणाची तरी ओढणी.

"काय पाजून राहिली तू माझ्या पोरीला?"

राखी झारी घेऊन वळली. पस्तिशीची बाई, कोपरापर्यंत चिखल. "पाणी, काकू. अन् दुपारी ताक."

"चेष्टा नको. धोतरा सापडला मला. तंबाखू सापडली. अन् तिची दवाई बंद केली तू, पाटी लावून."

राखी पाटीकडे पाहत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. "अहो काकू, दवाई म्हणजे फवारणीची. कीड मारायची. इथे शेतकरी तिला दवाईच म्हणतात. ती बंद केली. मिरचीवर माव्याची कीड पडली की तंबाखू अन् धोतरा उकळून शिंपडतो आम्ही. पोरांची गोळी बंद करायला मी कोण?"

एवढ्याशा शब्दावर विनताने एवढा डोंगर रचला होता. आपण घरात औषध म्हणतो. बाहेर सगळे औषधालाही दवाई म्हणतात अन् किडीच्या विषालाही.

"आता मी विचारू?" राखीचा आवाज बदलला होता. "ही काही दिवसांपासून अशी पेंगून काहून राहते? डॉक्टरांनी डोस वाढवला का? तुम्हाला माहीत असेल."

विनताने नजर वळवली. पलीकडच्या कुंड्यांच्या काठांवर गोल खडे ठेवलेले तिला दिसले.

राखीची नजर तिच्या नजरेमागे गेली. "पाणी घातलं की खडा ठेवायचा, असा नियम आहे. एकदा दोघांनी एकमेकांना न सांगता एकाच मिरचीला पाणी घातलं. दोघांचाही जीव होता तिच्यावर. मुळं कुजली."

यामिनी जागी झाली होती. ती आईकडे बघत होती, अगदी तशीच, जशी आई गेले कित्येक दिवस तिच्याकडे बघायची.

"आई, दूध कडू लागते," ती हळू म्हणाली. "मला वाटलं, हळद जास्त झाली."

"मला वाटलं, तू घेत नाहीस," विनता म्हणाली. "म्हणून मी दुधात…"

"मी रोज घेऊन राहिली होती, आई. रोज."

राखीने आधी डॉक्टरांना फोन लावला, मग ऑटो बोलावली. दुपारी डॉक्टरांनी तपासलं. पोरीला धोका नव्हता. आईला मात्र त्यांनी चांगलंच सुनावलं. परतताना ऑटोत दोघींच्या मधे झोळी होती. दोघींपैकी कोणीच ती उचलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून यामिनी दूध स्वतः तापवू लागली. पेला भरायची, तोंडाला लावण्याआधी वास घ्यायची. विनता ओट्याशी उभी राहून ते पाहायची.

हळूहळू पोरीच्या हाताचा कंप गेला. आणि एका सकाळी गोळ्यांच्या डब्याशेजारी, खिडकीत, एक गोल खडा दिसला.

विनता त्याच्याकडे बघत राहिली. खडा काय, कोणीही ठेवेल. खडा ठेवला म्हणजे गोळी घेतली असं थोडंच? जुना संशय पुन्हा फणा काढून बसला. हात डब्याकडे गेला. दुसऱ्या हातात पाण्याचा लोटा होता, खिडकीतल्या कढीपत्त्यासाठी. त्या कुंडीच्या काठावरही एक खडा होता.

डबा तसाच ठेवून तिने कुंडीच्या मातीत बोट घातलं. पेराएवढं आत.

माती ओली होती.

"आई, मी निघते," दारातून यामिनी म्हणाली. चपला घालता घालता तिची नजर आईच्या मातीने माखलेल्या बोटावर गेली, मग डब्यावर.

"जा," विनता म्हणाली, आणि लोट्यातलं पाणी तिने परत माठात ओतलं.