सुईसकट गोधडी

पोस्टाच्या खिडकीमागच्या गोपाळकृष्णांनी बोट तोंडात घातलं आणि रोशनबीकडे असं पाहिलं, जणू तीच त्यांना चावली होती.

"मावशी, आत सुई आहे!"

"आसनारच की," रोशनबी म्हणाली.

"असणारच? आत्ताच विचारलं ना मी? पातळ काही, पेट घेणारं काही, धारदार काही? तुम्ही नाही म्हणालात. खोटं बोललात!"

खोटं! तो शब्द मिरचीच्या खाटासारखा रोशनबीच्या नाकात गेला. भाजे गावातून निघून सकाळच्या लोकलनं ती मळवलीहून लोणावळ्याला आली होती. मिरजेला लेकीकडे पाठवायचं, पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं गठुडं मांडीवर धरून, जणू नातूच घेऊन बसली होती. आणि हा मानूस चार लोकांत तिला खोटी म्हणतो?

"धारदार म्हंजे सुरी, कोयता. ही सुई गोधडीची हाय. गोधडीत सुई न्हाई तर काय नांगर ठिवायचा?"

रांगेत हशा पिकला. मागे चिक्कीचे खोके घेऊन उभे असलेले दुकानदार रतनशेठ म्हणाले, "मावशी, सुया काय मिरजेत मिळत नाहीत? काढा ती आणि आटपा. माझंही पार्सल जायचंय."

"शेट, तुमची चिक्की तुटली तरी गोडच लागंल. माजं तसं न्हाई."

तिचं तसं नव्हतंच. तिच्या घरात रीत होती. लेकीच्या पहिल्या बाळाची गोधडी आजीनं शिवायची, अंगाला सरावलेल्या जुन्या कापडाची. रोशनबीनं आपलं विरलेलं लुगडं घेतलं, मेलेल्या नवऱ्याचा सदरा घेतला, लेकीची, शहिस्ताची, शाळेतली ओढणी घेतली. टाका घालता घालता ओठांवर ओवी येई:

*पैल्या गं बाळासाठी जोडीते चिंधी चिंधी,*
*आज्याच्या सदऱ्यामंदी निजंल माजा नंदी.*

पण कडेचा एक वीतभर कोपरा उघडा सोडायचा. दोरा ओवलेली सुई तिथंच खोचून ठेवायची. सहाव्या दिवशी, छट्टीला, बाळ गोधडीवर निजलं की आईनं शेवटचे टाके घालायचे आणि दोरा दातानं तोडायचा. पुरी शिवून दिली, तर आजीनं हात झटकले म्हणतात. ती सुई रोशनबीच्या लेखी वस्तूच नव्हती. गोधडीचाच एक अवयव होता तो. म्हणून तर ती "न्हाई" म्हणाली होती.

गोपाळकृष्णांनी बोटावरचा रक्ताचा थेंब तिला दाखवला. "हे मला झालं. पुढे पिशव्या उचलणारी माणसं आहेत, त्यांच्या हातात घुसली तर? शिवण उसवा. सुई काढून डबीत घाला, डबी घट्ट बंद करा, मग घेतो."

"काडली तर दोरा निगंल. आन् सुई बाळाच्या आईनंच काडायची."

"मग मी घेणार नाही."

"परवा छट्टी हाय माज्या नातवाची!" तिचा आवाज फाटला. "आज गेली न्हाई तर उघड्या चादरीवर निजंल त्ये!"

"मग स्वतः घेऊन जा ना!" गोपाळकृष्णही आता भडकले होते. "माणसाच्या पिशवीतली सुई मी तपासत नाही. टपालातली तपासतो!"

रांग पुन्हा हसली. रोशनबी हसली नाही.

स्वतः. तिनं का बरं हे गठुडं पोस्टात आणलं? पहिलं बाळंतपण माहेरचं, पण विहीणबाईंनी शहिस्ताला पाठवलंच नाही. "भाज्यात दवाखाना आहे का?" म्हणाल्या. मुलगा झाल्याचं फोनवर कळवलं, आणि ये असं म्हणाल्या नाहीत. बोलावल्याशिवाय लेकीच्या सासरी कसं जायचं, म्हणून रोशनबीनं तोंड शिवून घेतलं होतं. गोधडीला एक कोपरा तरी उघडा होता, तिच्या तोंडाला तेवढाही नव्हता. आणि इतक्या दिवसांचा राग ती आज कुणावर काढत होती? बोट टोचलेल्या एका परक्यावर.

"द्या हिकडं माजं गठुडं."

"अर्धी नोंद झालीय, रद्द करावी लागेल."

"करा."

तिनं पिशवीतून फोन काढला आणि तिथंच, खिडकीला कोपर टेकून, विहिणीला लावला.

"मी शहिस्ताची आई बोलतीया. गोधडी घिऊन निगालीया."

"अहो, तुम्ही पोस्टानं पाठवणार होता ना?" पलीकडून खणखणीत आवाज आला. "इथं घरात आधीच माणसं फार झालीत..."

"लय झाली आसतील. गोधडी आंथराया किती जागा लागती? तिच्या कडंला बसंन. माज्या लेकीला सांगा, आई येतीया. आन् तुमी सांगितलं न्हाई तरी मी येनारच हाय!"

फोन बंद झाला. रतनशेठ खोक्यांसकट बाजूला सरकले.

"मिरजेची गाडी कुटनं?" तिनं गोपाळकृष्णांना विचारलं, अजून रागातच.

"हे पोस्ट आहे, मावशी." त्यांनी बोटाला कागद गुंडाळला. मग म्हणाले, "पुण्याला उतरा. तिथून बदला."

सुईचा कोपरा कुणाला लागू नये म्हणून तिनं गठुडं आपल्या छातीकडे वळवून धरलं आणि रांग चिरत बाहेर पडली.